व्हार्लाचा राग कोणाचा? 'फास्टर, पुसीकॅट! किल! किल!' आणि समीक्षकांचे फिरलेले निकाल

रानजाई (धागालेखिका)

रस मेयर यांचा 'फास्टर, पुसीकॅट! किल! किल!' हा १९६५ सालचा कृष्णधवल अमेरिकी चित्रपट मी गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी विशीत होते आणि अर्ध्यातूनच उठले होते. पडद्यावर बायका पुरुषांना लोळवत आहेत, पण कॅमेरा काही त्यांच्या छातीवरून हलायला तयार नाही, याचा तेव्हा मनापासून संताप आला होता. या खेपेस शेवटपर्यंत बसले. संताप गेला असे म्हणणार नाही, परंतु त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसले. ते काय असावे, याचा शोध घेताना या चित्रपटाबद्दल वेळोवेळी लिहिले गेलेले वाचत गेले, आणि लक्षात आले की हाच अनुभव माझ्याआधी काही जाणत्या स्त्रियांनी घेतला आहे व प्रामाणिकपणे लिहूनही ठेवला आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा सांगते. शेवट उघड केल्याशिवाय चर्चा होणार नाही, याबद्दल क्षमस्व. क्लबात नाचणाऱ्या व्हार्ला, रोझी आणि बिली या तिघी स्पोर्ट्स कार घेऊन कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात भरधाव हिंडत असतात. तिथे एक तरुण जोडपे भेटते, शर्यत लागते, वाद होतो, आणि व्हार्ला त्या तरुणाला नुसत्या हातांनी ठार करते. त्याच्या मैत्रिणीला, लिंडाला, त्या सोबत ओढून नेतात. वाटेत त्यांना समजते की जवळच्या रँचवर चाकांच्या खुर्चीला खिळलेला एक म्हातारा दोन मुलांसह राहतो आणि अपघाताच्या भरपाईची मोठी रक्कम त्याने कुठेतरी दडवून ठेवली आहे. त्या पैशासाठी तिथे जातात, तर म्हातारा त्यांच्याहून विकृत निघतो. रेल्वे अपघातात पाय गेल्याचा सूड तो बाईच्या जातीवर उगवत असतो आणि आपल्या आडदांड, मंदबुद्धी मुलाला त्यासाठी वापरत असतो. पुढे एकेक जण मरत जातो. अखेरीस म्हाताऱ्याच्या थोरल्या, सभ्य मुलाला व्हार्ला जवळजवळ संपवत असताना, इतका वेळ नुसती रडणारी लिंडा ट्रक तिच्या अंगावर घालते.

प्रदर्शनाच्या वेळी चित्रपट चालला नाही. त्याच वर्षी मेयर यांनी 'मोटरसायको' हा तीन गुंड पुरुषांच्या टोळीचा चित्रपट काढला होता आणि त्याला धंदा बरा झाला होता. तेच सूत्र बायकांवर लावून पाहावे, इतकाच या चित्रपटामागचा व्यापारी विचार होता. पुढे सत्तरच्या दशकात स्त्रीवादी चित्रसमीक्षा उभी राहत असताना बी. रुबी रिच यांनी तो पाहिला आणि त्यांना तो निव्वळ स्त्रीदेहाचा बाजार वाटला. १९९५ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा याच रिच यांनी 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये लेख लिहून आपले जुने मत बदलल्याचे जाहीर केले. एका नामवंत स्त्रीवादी समीक्षिकेने वीस वर्षांनी आपलाच निकाल फिरवावा, ही साधी गोष्ट नाही.

या काळात चित्रपटाची एकही चौकट बदललेली नव्हती. मग जे बदलले ते काय? पाहणारा काळ बदलला, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. माझे स्वतःचे मत असे झाले आहे की पहिल्या पिढीच्या समीक्षेने दिग्दर्शकाची नजर अचूक ओळखली, मात्र व्हार्लाची भूमिका करणाऱ्या टुरा सटाना हिच्याकडे पाहिलेच नाही. या चित्रपटात जो राग आहे तो मेयर यांचा नाही, तो तिचा आहे. सदस्यांनी यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती करते.

चित्रवेध

रानजाई, धागा उत्तम झाला आहे. हा चित्रपट ज्या वर्गात मोडतो त्या 'एक्सप्लॉयटेशन' या शब्दाचे आपल्याकडे 'शोषणपट' असे भाषांतर रूढ होऊ पाहते आहे आणि ते वाचकाची दिशाभूल करते, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. अमेरिकी चित्रव्यवसायात हा शब्द मूळचा जाहिरात खात्याचा आहे. एखाद्या चित्रपटाचा गाजावाजा करून गल्ला जमवणे म्हणजे त्याचे 'एक्सप्लॉयटेशन'. ज्या चित्रपटांत नट मोठे नाहीत, खर्च मोठा नाही, म्हणून एखादा सनसनाटी विषय आणि भडक पोस्टर यांच्याच बळावर तिकिटे विकायची असतात, त्यांना पुढे हे नाव चिकटले. शोषण त्यात असतेच, परंतु नाव शोषणावरून पडलेले नाही.

मेयर हे या धंद्यातले पक्के कसबी होते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याच्या छायाचित्रण पथकात युरोपच्या आघाडीवर चित्रीकरण करत होते, नंतर छायाचित्रकार म्हणून मासिकांसाठी काम केले, आणि १९५९ मध्ये 'द इम्मॉरल मिस्टर टीस' या चित्रपटाने त्यांनी अमेरिकेत नग्नतेच्या चित्रपटांची लाट आणली. 'पुसीकॅट' सुमारे ४५,००० डॉलरमध्ये झाला. रंगीत फिल्म परवडत नव्हती म्हणून तो कृष्णधवल आहे, आणि आज त्याचे जे सौंदर्य वाखाणले जाते ते बरेचसे या नाइलाजातून आलेले आहे: वाळवंटातले कडक ऊन, त्यात काळ्या पोशाखातली व्हार्ला, आणि मागे कोरे आकाश.

दोन गोष्टी तांत्रिक अंगाने पाहाव्यात असे सुचवतो. पहिली म्हणजे संकलन. मेयर स्वतःच संकलन करत असत आणि त्यांचे कट इतके तुटक असतात की मारामारीत ठोसा पूर्ण दिसण्याआधीच त्याचा परिणाम दिसतो. दुसरी म्हणजे कॅमेऱ्याची जागा. तो बहुतेक वेळा जमिनीलगत ठेवलेला असतो आणि या स्त्रिया खालून वर पाहिल्या जातात, त्यामुळे त्या देवळाच्या खांबांसारख्या उंच वाटतात व त्यांच्यापुढे उभा असलेला पुरुष किरकोळ दिसू लागतो. शिवाय मेयर यांच्या इतर चित्रपटांशी तुलना करता यात नग्नता नाही, ही बाब चर्चेत अनेकदा निसटते.

कातळ

मी या धाग्याच्या मूळ भूमिकेशी असहमत आहे, आणि ती असहमती नीट मांडू इच्छिते.

खालून वर लावलेला कॅमेरा स्त्रीला भव्य करतो हे चित्रवेध यांचे निरीक्षण बरोबर आहे. परंतु भव्य दिसणे वेगळे आणि कर्ती असणे वेगळे. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये 'स्क्रीन' या नियतकालिकात जो निबंध लिहिला, त्यातला मुद्दा हाच होता की मुख्य प्रवाहातल्या चित्रपटात पाहणारा पुरुष असतो आणि पाहिली जाणारी स्त्री असते. पाहिल्या जाणाऱ्या स्त्रीच्या हातात चाकू दिला म्हणून ही रचना मोडत नाही. उलट पुरुष प्रेक्षकाला भीती आणि लालसा एकाच तिकिटात मिळते. त्याला ठाऊक असते की दीड तासाच्या आत ही बाई मरणार आहे, आणि ती मरतेच. बिलीच्या पाठीत चाकू बसतो, आणि तो फेकणारी तिचीच मैत्रीण व्हार्ला असते. व्हार्लावर जीव असलेली रोझी तो चाकू काढायला वाकते तेव्हा मारली जाते. व्हार्ला गाडीखाली जाते. ज्या तिघींच्या नावाने पोस्टर विकले त्या तिघींपैकी एकही जिवंत राहत नाही, आणि सूर्यप्रकाशात निघून जातात ते एक सभ्य तरुण व एक सभ्य तरुणी. यात मुक्ती कुठे आहे ते मला दाखवून द्यावे.

आणखी एक गोष्ट, जी कौतुकाच्या लेखांत एखाद्या ओळीत उरकली जाते. लिंडाचे काम करणारी सुझन बर्नार्ड चित्रीकरणाच्या वेळी १६ वर्षांची होती. तिची आई सेटवर सोबतीला होती. पूर्ण चित्रपटभर ही मुलगी बिकिनीत आहे, रडते आहे, पळते आहे, पकडली जाते आहे. व्हार्लाच्या रागाबद्दल आपण जितके बोलतो, त्याच्या निम्मे तरी या मुलीबद्दल बोलायला हवे. रिच यांनी आपले मत बदलले याचा मी आदर करते, परंतु त्यांचे पहिले मत चुकीचे होते असे मला वाटत नाही.

अबोली

कातळ यांचा सुझन बर्नार्डबद्दलचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो इथे आला हे चांगले झाले. मी टुरा सटानाबद्दल लिहिते, कारण रानजाई यांनी तो धागा सोडून दिला आहे आणि तिची माहिती मराठीत फारशी कुठे वाचायला मिळत नाही.

ती १९३८ मध्ये जपानमध्ये होक्काइडो बेटावर जन्मली. वडील मूकपटांत कामे केलेले, जपानी व फिलिपिनो वंशाचे. आई सर्कसमध्ये काम करणारी, अमेरिकेच्या शायेन या मूळ जमातीचे रक्त असलेली. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकी सरकारने ज्या छावण्यांत डांबले, त्यांपैकी मांझानार येथील छावणीत हे कुटुंब होते. नंतर ते शिकागोला आले आणि तिथे शाळेत या मुलीला 'शत्रूची पोर' म्हणून छळ सोसावा लागला. ती दहा वर्षांची होण्याआधीच पाच जणांनी तिच्यावर बलात्कार केला. तिने मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे त्यांच्यापैकी कोणालाही शिक्षा झाली नाही आणि सुधारगृहात रवानगी झाली ती तिचीच. त्यानंतर ती आयकिडो आणि कराटे शिकली. लहान वयातच ती क्लबांत नाचू लागली. म्हणजे चित्रपटाच्या सुरुवातीला जो नाच आहे, ज्यात समोरचे पुरुष घामाघूम होऊन ओरडत आहेत, तो तिच्यासाठी अभिनय नव्हता, ती तिची रोजची नोकरी होती.

व्हार्लाचा काळा पोशाख, हातमोजे, डोळ्यांची रंगभूषा, मारामारीच्या पद्धती आणि काही संवादही तिने स्वतः घडवले. मेयर यांनी तिचे हे श्रेय पुढे मान्य केले. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये आशियाई वंशाच्या नटीला काय मिळत असे, हे आठवून पाहा: खाली मान घालून चहा देणारी तरुणी किंवा नायकासाठी प्राण देणारी प्रेयसी. सटानाने १९६३ च्या 'इर्मा ला डूस'मध्ये छोटीशी भूमिका केली होती. व्हार्ला मात्र कोणाच्याही नजरेला नजर देते, आणि तिच्या वंशाचा उल्लेख चित्रपटात कोणी करत नाही. मला वाटते की तिने तिथे जे केले ते दिग्दर्शकाने मागितलेल्या मापाबाहेरचे होते. त्याला देखणी गुंड बाई हवी होती. तिने आपला न फिटलेला हिशेब पडद्यावर आणला.

ती २०११ मध्ये रीनो येथे वारली.

कातळ

अबोली, आपण लिहिलेले वाचून मी बराच वेळ काही लिहिले नाही. हे सर्व मला तपशिलात ठाऊक नव्हते.

तरीही एक सावधगिरी सुचवते. एखाद्या स्त्रीवर झालेला अत्याचार हे त्या चित्रपटाचे प्रशस्तिपत्रक होऊ नये. सटानाने भूमिकेत आपला राग ओतला, हे तिचे कर्तृत्व आहे आणि ते तिच्याच खात्यावर जमा व्हावे. निर्मात्याने तिला तेवढी मोकळीक दिली कारण त्यातून त्याचे काम होत होते. आपण तिचे चरित्र वाचून चित्रपटाकडे वळलो की प्रत्येक ठोशात आपल्याला न्याय दिसू लागतो, आणि ज्याला मार बसतो आहे तो कोण आहे हे विसरायला होते. पहिला जो तरुण मरतो त्याने तिचे काय वाकडे केले होते? तो फक्त स्वतःच्या घड्याळाने आपल्या गाडीचा वेग मोजत होता.

पश्चिमघाट

इथे चर्चा ज्या टप्प्यावर आली आहे तिथे दुसऱ्या एका चित्रपटाचा दाखला उपयोगी पडेल, कारण समीक्षकांचे निकाल कसे फिरतात हे तिथे अधिक स्पष्ट दिसते. मायर झार्की यांचा १९७८ चा 'आय स्पिट ऑन युअर ग्रेव्ह', ज्याचे मूळ नाव 'डे ऑफ द वुमन' असे होते. एक लेखिका एकांतासाठी गावाकडच्या घरात राहायला जाते, चार पुरुष तिच्यावर बलात्कार करतात, आणि बरी झाल्यावर ती एकेकाला ठार करते. कथा एवढीच आहे, आणि अत्याचाराची दृश्ये असह्य वाटावीत इतकी लांबलेली आहेत.

१९८० मध्ये तो शिकागोत पुन्हा लागला तेव्हा रॉजर ईबर्ट यांनी त्याला शून्य तारे दिले. त्यांच्या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा भाग पडद्याबद्दल नाहीच, प्रेक्षागृहाबद्दल आहे. त्यांच्या शेजारी बसलेला एक प्रौढ गृहस्थ अत्याचाराच्या दृश्यांना मोठ्याने दाद देत होता, आणि उत्तरार्धात एक स्त्री सूड घेणाऱ्या नायिकेला ओरडून प्रोत्साहन देत होती. ईबर्ट दोहोंनी हादरले. त्यानंतर त्यांनी आणि जीन सिस्केल यांनी त्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा एक पूर्ण भाग स्त्रियांवरील हिंसेच्या अशा चित्रपटांविरुद्ध केला.

आता याच ईबर्ट यांनी रस मेयर यांच्यासाठी 'बियॉन्ड द व्हॅली ऑफ द डॉल्स' या १९७० च्या चित्रपटाची पटकथा लिहिली होती, आणि १९९५ मध्ये 'पुसीकॅट' पुन्हा लागला तेव्हा त्याबद्दल आस्थेने लिहिले. यात दुटप्पीपणा आहे असा आरोप मला करायचा नाही. मेयर यांची हिंसा नाचासारखी आहे, त्यात वेदना उरत नाही. झार्की यांची हिंसा वेदनेवरून नजर काढूच देत नाही. ईबर्ट यांना पहिली सोसवली, दुसरी सोसवली नाही. पण जी हिंसा आपल्याला सोसवते ती अधिक निरुपद्रवी असते का, हा प्रश्न त्यांच्या दोन परीक्षणांमधल्या अंतरातून उभा राहतो आणि त्यांनी त्याचे उत्तर दिलेले नाही.

ते उत्तर द्यायचा प्रयत्न कॅरल क्लोव्हर यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात केला. त्यांचा निष्कर्ष तोवरच्या समजुतीला छेद देणारा होता. अशा चित्रपटांचा बहुसंख्य प्रेक्षक तरुण मुलगे असतात, आणि तरीही चित्रपटाची रचना त्यांना अत्याचार करणाऱ्याच्या जागी फार काळ बसू देत नाही. ती त्यांना मार खाणाऱ्या आणि नंतर लढणाऱ्या स्त्रीच्या अंगात शिरायला लावते. झार्की यांच्या चित्रपटातला कॅमेरा पीडितेच्या बाजूने आहे, असे त्या ठामपणे मांडतात.

आणि जूली बिंडेल. ब्रिटनमध्ये हा चित्रपट बंदीच्या यादीतल्या व्हिडिओंमध्ये गणला गेला, तेव्हा लीड्समध्ये त्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्या कार्यकर्त्यांत त्या होत्या. तो काळ लक्षात घ्या: पीटर सटक्लिफ याने त्याच परिसरात वर्षानुवर्षे स्त्रियांचे खून पाडले होते, आणि अंधार पडल्यावर बायकांनी घराबाहेर पडू नये असा सल्ला पोलीस देत होते. अशा शहरात तो चित्रपट विकला जाताना पाहणे काय असेल? २०११ मध्ये त्याच बिंडेल यांनी 'गार्डियन'मध्ये लिहिले की या चित्रपटाबाबत आपले चुकले होते. न्यायालयात न्याय मिळतो असे गोड चित्र रंगवणाऱ्या प्रतिष्ठित चित्रपटांपेक्षा हा कमी खोटा आहे, असे त्यांना आता वाटू लागले होते. इतकी वर्षे बलात्काराचे खटले जवळून पाहिल्यानंतर आलेले हे मत आहे, हे विसरून चालणार नाही.

निशिगंध

मी मूळचा परळचा, म्हणून एक आठवण जोडल्याशिवाय राहवत नाही. राजकमल कलामंदिर ज्या जागेवर उभे राहिले, तिथे त्याआधी वाडिया मुव्हिटोन होते, आणि १९३५ च्या 'हंटरवाली'तली नाडिया तिथलीच. ती घोड्यावरून चाबूक घेऊन येई, धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करी, पुरुषांना डोक्यावर उचलून फेकी आणि हे सर्व स्वतः करी. सुशिक्षित मंडळी स्टंटपटांकडे वळूनही पाहत नसत. गिरणगावातला प्रेक्षक मात्र शिट्ट्यांनी थिएटर दणाणून सोडी, असे माझे आजोबा सांगत. नाडियाच्या सन्मानाची पुस्तके आणि माहितीपट फार नंतर आले. तिच्या चित्रपटांत अत्याचाराचे भांडवल नव्हते, त्यामुळे तुलना पूर्ण लागू पडत नाही, पण समीक्षेला पोहोचायला लागणारा उशीर तोच आहे.

दीपमाळ

मी गेली काही वर्षे स्त्रियांच्या मारामारीचे चित्रपट विशेष आवडीने पाहते, आणि कातळ यांच्या आक्षेपाची कसोटी ज्यावर लावता येईल असा एक चित्रपट सुचवते: जॉश वॉलर यांचा २०१३ चा 'रेझ'. पळवून आणलेल्या पन्नास स्त्रिया तळघरातल्या कोठड्यांत ठेवलेल्या आहेत. दोघीदोघींना विटांच्या गोल खड्ड्यात उतरवले जाते आणि एक मरेपर्यंत नुसत्या हातांनी लढायला लावले जाते. लढायला नकार दिला किंवा हरलात, तर तुमच्या जिवलग माणसाचा बळी जाणार. वरती श्रीमंत मंडळी पडद्यावर हे पाहत आहेत.

प्रमुख भूमिकेत झोई बेल आहे, आणि ती निर्मात्यांपैकीही एक आहे. न्यूझीलंडच्या या स्त्रीने 'झीना' या मालिकेत लूसी लॉलेस हिच्यासाठी आणि 'किल बिल'मध्ये उमा थर्मन हिच्यासाठी स्टंट केले. म्हणजे वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या चेहऱ्यांसाठी हिने मार खाल्ला आणि इथे तिचा स्वतःचा चेहरा मध्यभागी आला म्हणावे, इतका वेळ कॅमेरा तिच्यावर राहतो. निर्मात्यांनी ठरवून या स्त्रियांना साधे पांढरे बनियन आणि राखाडी ढगळ पँट दिली आहे. अंगप्रदर्शन नाही, लाडिक कोन नाहीत. मल्व्ही यांच्या निबंधातली नजर इथे शक्य तितकी बाजूला काढलेली आहे.

आणि तरीही मला तो 'पुसीकॅट'पेक्षा अधिक अपमानकारक वाटला. अनेक समीक्षकांनीही तो एकसुरी असल्याची तक्रार केली: एक लढत, एक प्रेत, पुन्हा कोठडी, पुन्हा लढत. कॅमेरा स्वच्छ झाला, पण या स्त्रियांना इच्छाच उरली नाही. त्या आई आहेत, बहिणी आहेत, मुली आहेत, आणि लढतात त्या फक्त दुसऱ्या कोणासाठी. व्हार्ला पैशासाठी आणि वेगासाठी लढते. तिला लढायला आवडते. जबरदस्तीने लढणारी स्त्री आपल्याला सहज क्षमेस पात्र वाटते, हौसेने लढणारी वाटत नाही. समीक्षकांना व्हार्लाबद्दल इतकी दशके पुन्हा पुन्हा लिहावेसे वाटले, याचे कारण मला यात दिसते.

चित्रवेध

दीपमाळ, हे फार मोलाचे आहे. कपड्यांवरून आणि कॅमेऱ्याच्या कोनावरून निकाल देण्याची आम्हा तांत्रिक अंगाने पाहणाऱ्यांची सवय यात उघडी पडते, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादाला हे उत्तर आहे असे मी मानतो.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या विचारपूर्वक प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

कातळ, आपला आक्षेप मी टाळणार नाही. 'चित्रपटात जो राग आहे तो तिचा आहे' असे मी लिहिले तेव्हा मी सटानाला चित्रपटापासून वेगळे काढू पाहत होते आणि त्याच वेळी तिच्या आधाराने चित्रपटाला वाचवू पाहत होते. या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत, हे आपल्या दुसऱ्या प्रतिसादामुळे कळले. पाम कुक यांनी १९७६ मध्येच 'स्क्रीन'मध्ये, स्टेफनी रॉथमन या दिग्दर्शिकेच्या संदर्भात, एक वेगळी वाट दाखवली होती. त्यांचे म्हणणे साधारण असे की प्रतिष्ठित चित्रपट स्त्रीबद्दलच्या साचेबंद प्रतिमा सफाईने लपवतात, तर हे स्वस्त चित्रपट त्या इतक्या ढोबळपणे वापरतात की त्यांचा बनावटपणा डोळ्यांवर येतो आणि त्यातल्या विसंगतींत काहीतरी करायला जागा मिळते. जागा मिळते, एवढेच. ती मिळाली म्हणून चित्रपट पुरोगामी ठरत नाही. सटानाने ती जागा घेतली. सुझन बर्नार्डला ती मिळाली नाही, कारण वय, पोशाख, भूमिका आणि सेटवरचा प्रत्येक माणूस तिच्याविरुद्ध होता. एकाच चित्रपटात या दोन्ही गोष्टी घडल्या, असे मला आता लिहावे लागेल.

पण शेवटाबद्दल आपण लिहिले आहे की सभ्य जोडपे उन्हात निघून जाते, तिथे मला थांबायचे आहे. त्या काळी गुन्हेगार जिवंत सुटलेला दाखवणे निर्मात्याला परवडणारे नव्हते, त्यामुळे व्हार्ला मरणार हे ठरलेलेच होते. ती कोणाच्या हातून मरते हे मात्र ठरलेले नव्हते. तो सभ्य तरुण तिच्यापुढे टिकत नाही. ती त्याला खरोखरच हरवते आहे. पोलीस येत नाहीत. शेवटचा खून करते ती लिंडा, आणि तो ती गाडीने करते. पूर्ण चित्रपटभर गाडी हे व्हार्लाचे हत्यार आहे. म्हाताऱ्याला तिच्याच गाडीची धडक बसते, त्याच्या आडदांड मुलाला ती गाडीनेच भिंतीशी चिरडू पाहते. जे हत्यार त्या मुलीने दिवसभर भेदरून पाहिले, तेच तिने उचलले.

कातळ

हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी तिला फक्त सुटलेली मुलगी म्हणून पाहिले होते.

पण मग माझा प्रश्न अधिकच अवघड होतो, आणि तो इथेच ठेवते, कारण त्याचे उत्तर मला सुचलेले नाही. लिंडा ट्रक सुरू करते त्या क्षणी प्रेक्षागृहातले आपण तिच्या बाजूचे असतो. ती वाचावी असे मनापासून वाटत असते. आणि तिच्या समोर, पाठमोरी, अबोली यांनी जिच्याबद्दल लिहिले ती स्त्री उभी असते. दोघींपैकी कोणीही मरू नये असे वाटणाऱ्या प्रेक्षकासाठी त्या चित्रपटात एकही खुर्ची नाही.

अबोली

कातळ, ती खुर्ची रोझीची आहे असे मला वाटते. व्हार्लासाठी आणि बिलीसाठीही रडणारी त्या टोळीत ती एकटीच होती. पुढच्या खेपेस पाहाल तेव्हा तिच्याकडे बघा. ती भूमिका करणाऱ्या हाजी या नटीबद्दल कोणीच फारसे लिहिलेले नाही. ती २०१३ मध्ये वारली. मला मिळेल तेवढे वाचून तिच्यावर वेगळा धागा काढते.